आल्प्सला स्कीइंगला जाताना: जिनिव्हाचं विमान की आपली गाडी?

दिवाळी आटोपली की दर वर्षी ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "अरे, फेब्रुवारीत शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत मुलांना फ्रान्समध्ये स्कीइंगला न्यायचं म्हणतोय. तू गाडी घेऊन जातोस ना? की सरळ जिनिव्हाला उडावं?" फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, दोघं मोठे आणि दोन मुलं. फ्रेंच आल्प्समधल्या व्हाल तोराँसला दोनदा विमानाने गेलो, तीनदा गाडीने. स्की पास, कपडे, शिकवणी हे सगळं तुम्ही बघितलं असेल असं धरतो. प्रश्न फक्त तिथे पोचायचा आहे.

कागदावर विमान सरळ जिंकतं. हीथ्रो ते जिनिव्हा पावणेदोन तास, तिथून व्हाल तोराँस साधारण १६० किलोमीटर, रस्ता मोकळा मिळाला तर तीन तासांच्या आत. गाडीने म्हणजे लंडनभोवतीच्या एम २५ महामार्गाची कृपा असेल तर फोकस्टनपर्यंत दोन तास, गाडी रेल्वेत चढवून समुद्राखालच्या बोगद्यातून ३५ मिनिटं, आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेपासून पुढे जवळजवळ हजार किलोमीटर. मुंबई-नागपूरपेक्षा लांब. नुसत्या आकड्यांवर ठरवायचं असेल तर पुढे वाचू नका, तिकीट काढून मोकळे व्हा.

घोडं पेंड खातं ते जिनिव्हात उतरल्यावर.

विमानतळावरून डोंगरात जायला बहुतेक लोक शेअर व्हॅन घेतात, आम्हीही घेतली. पहिल्या वर्षी सकाळी अकराला सामानासकट बाहेर आलो तेव्हा व्हॅनवाला हजर होता. हातातल्या टॅबलेटवर आमच्या नावांपुढे खुणा करून म्हणाला, अजून चार जण यायचेत, त्यांचं विमान दुसऱ्या गावाहून येतंय, जरा उशीर आहे. तो 'जरा' पावणेतीन तासांचा निघाला. धाकटा सुटकेसवर झोपला, थोरलीने सोबत आणलेली सगळी बिस्किटं संपवली, आणि मी स्विस भावाची कॉफी पीत दर दहा मिनिटांनी त्या बोर्डाकडे बघत राहिलो. भांडायचं तरी कुणाशी? व्हॅनवाला सभ्य होता, उशीर विमानाचा होता, आणि ते चौघं शेवटी आले तेव्हा आमच्यापेक्षा जास्त दमलेले होते. आम्ही निघालो शनिवारी दुपारी दोनला, म्हणजे अर्धा युरोप त्याच खोऱ्यात शिरत असतो नेमक्या तेव्हा. पोचायला रात्रीचे साडेआठ. स्की भाड्याने देणारं दुकान बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घ्यायच्या रांगेत उभं राहिल्यामुळे मुलांचा शिकवणीचा पहिला तास बुडाला.

परतीचं तर विचारूच नका. विमान दुपारी दीडचं, पण व्हॅन पहाटे पाचला. शनिवार आहे, ट्रॅफिक लागेल, असं कारण. त्या दिवशी नेमका ट्रॅफिक लागला नाही आणि विमानतळावर साडेचार तास बसून काढले.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कंपनीची व्हॅन घेतली. थांबावं लागलं ते पाऊण तासच, तेव्हा सगळ्याच व्हॅन वाईट असं म्हणणार नाही. पण मूतिए सोडलं की घाट सुरू होतो (या गावाच्या नावावर आमच्या मुलांनी तासभर हसून घेतलं, मराठी घरात तो ताप धरूनच चालायचा), आणि चौथ्या-पाचव्या वळणावर धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. थांबता येईल का म्हणून विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, पुढे जागा आली की थांबतो. जागा येईपर्यंत मुलगा थांबला नाही. शेजारच्या बाईंच्या स्कीच्या बुटांवर... असो. त्या बिचाऱ्या "इट्स फाइन, इट्स फाइन" म्हणत राहिल्या, आणि आम्ही उरलेला घाट ओल्या टिश्यूंचा गोळा हातात धरून चढलो. कधी निघायचं, कुठे थांबायचं, घाटात काच किती खाली करायची, सगळं दुसऱ्याच्या ओंजळीने. मला हे फार लागलं. काहींना लागणार नाही, त्यांनी बेलाशक व्हॅन घ्यावी. फक्त आपल्यासाठी खासगी टॅक्सीही मिळते, पण हाफ टर्मच्या शनिवारचा तिचा दर ऐकून मी फोन ठेवला होता. जिनिव्हाला गाडी भाड्याने घेणं हा मधला मार्ग आहे. स्विस बाजूने घेतली तर हिवाळी टायर बहुधा मिळतात, पण मुलांच्या सीटचे वेगळे पैसे, छपरावरच्या पेटीचे वेगळे, आणि परत देताना ओरखडे मोजत बसणं आलंच.

आता गाडी. तिचेही नखरे आहेत.

पहिला नखरा टोल नाक्याचा. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, नाक्याची खिडकी डावीकडे. पहिल्या वर्षी तिकीट घ्यायचं आणि पैसे भरायचं काम बायकोकडे आलं. बाहेर शून्याखाली तापमान, काच खाली, ती अर्धी बाहेर लोंबकळतेय, तिकीट वाऱ्याने सीटखाली गेलेलं आणि मागे हॉर्न. पुढच्या वर्षी टॅग घेतला. आपल्या फास्टॅगचाच भाऊ: काचेला लावायचा, काही रांगांमधून ताशी ३० च्या वेगाने न थांबता जायचं, पैसे मागाहून खात्यातून जातात. हा एक खर्च मी डोळे मिटून करा म्हणेन. टोल स्वस्त नाही, एका बाजूचे ऐंशी-नव्वद युरो धरून चाला. रस्ते मात्र त्या पैशाचे आहेत. कॅलेहून रेंस शहरापर्यंतचा ए २६ महामार्ग इतका मोकळा असतो की डोळा लागायची भीती.

दुसरा नखरा बर्फाचा, आणि इथे माझी फजिती सांगितलीच पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च फ्रान्सच्या डोंगराळ भागात हिवाळी टायर नाहीतर चेन सोबत असणं २०२१ पासून सक्तीचं आहे. मी चेन घेतल्या, डिकीत टाकल्या आणि विसरलो. घाटातल्या ले मेन्युइर गावाच्या अलीकडे बर्फ इतका वाढला की पोलीस हात करून सगळ्यांना कडेला घेऊ लागले. रात्रीचे सात, बायको मोबाइलचा उजेड धरून उभी, मी गुडघ्यांवर, हातमोजे काढावे तर बोटं बधिर, घालावे तर कडी लागत नाही. अर्ध्या तासाने दोन्ही चेन चढल्या. विजयी मुद्रेने गाडी सुरू केली, आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. मी चेन मागच्या चाकांना लावल्या होत्या. गाडी ओढतात पुढची चाकं. पलीकडचा लोकरी टोपीवाला फ्रेंच गृहस्थ काही न बोलता आला, बोनेटवर दोन टिचक्या मारल्या, खाली बसला आणि पाच मिनिटांत चेन पुढे लावून दिल्या. निघताना एकच शब्द बोलला: "कुराज." म्हणजे धीर धरा.

तेव्हा चेन घेणार असाल तर घराच्या अंगणात एकदा चढवून बघा, शेजारी हसले तरी. आम्ही पुढे बारमाही टायर घेतले, बर्फकण आणि डोंगर अशी खूण असलेले. २०२४ च्या नोव्हेंबरपासून हिवाळी टायर म्हणून तीच खूण चालते, नुसती 'एम अधिक एस' ही चिखल-बर्फाची जुनी खूण चालत नाही. तेव्हापासून चेन डिकीत स्टेपनीशेजारी पडून आहेत, आणि तशाच पडून राहोत. काच धुवायचं पाणी थंडीचं भरा, हे मात्र लोक हमखास विसरतात. ए ४० वर पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर आणि नळीत गोठलेलं पाणी, हा अनुभव मी घेतला आहे. तुम्ही घेऊ नका.

तिसरा नखरा शनिवारचा, पण तो व्हॅनलाही लागतो. आल्बेरव्हील ते मूतिए हा चौपदरी रस्ता १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी झाला, पण ते खोरं इतकं चिंचोळं आहे की शनिवारी दुपारी तिथे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. फ्रान्सच्या शाळांना सुट्ट्या तीन झोनमध्ये पाळीपाळीने असतात. पॅरिस झोन सी मध्ये आहे. आपली हाफ टर्म पॅरिसच्या सुट्टीवर आली की समजा, कल्याण. 'बिझाँ फ्युते' हे तिथलं सरकारी वाहतूक भाकीत दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल, काळा असे रंग देतं. काळ्या दिवशी घाटाच्या वाटेला जाऊ नका. गाडीचा फायदा असा की हा रंग बघून बेत बदलता येतो. आम्ही शुक्रवारी शाळा सुटली की निघतो, रात्री रेंसला झोपतो, शनिवारी आरामात बोन किंवा आन्सीला मुक्काम करतो आणि रविवारी सकाळी रिकाम्या घाटाने वर जातो. रविवार ते रविवार मिळणारी अपार्टमेंट थोडी असतात, पण असतात. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम तिथेही आपल्यासारखाच आहे, त्यामुळे खंडाळ्यात हात बसलेल्यांना उलट्या बाजूने चालवणं सोडलं तर फार परकं वाटत नाही.

या जादा दिवसामुळे वाटेतलं काही बघता येतं. एकदा बेत्यूनपाशी ए २६ सोडून नव्ह शापेलला गेलो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर पडलेल्या आणि कबरही न मिळालेल्या ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावं तिथल्या गोल भिंतीवर कोरलेली आहेत. १९२७ सालचं स्मारक. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. थोरली नावं वाचत वाचत भिंतीच्या कडेने चालत राहिली, आणि तिला गाडीत बसवायला अर्धा तास लागला. स्कीइंगशी याचा काही संबंध नाही, हे खरं.

बोगदा की बोट, हेही विचारतात. डोव्हर-कॅले बोट दीड तास घेते, बऱ्याचदा स्वस्त पडते, ड्रायव्हरला पाय मोकळे करता येतात. मी बोगदाच घेतो. फेब्रुवारीतल्या खाडीचा आणि आमच्या धाकट्याच्या पोटाचा एकत्र विचार केला की दुसरं काही सुचत नाही. दोन्हीकडे फ्रेंच तपासणी निघायच्या आधीच, इंग्लंडच्याच भूमीवर होते. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा दोन्ही प्रकारांत लागतोच, आणि जिनिव्हाला उतरलात तरी मुक्काम फ्रान्समध्ये म्हणून अर्ज फ्रान्सकडेच. डिकी मोठी म्हणून तूप, श्रीखंड, पनीर भरू नका. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. डाळ, तांदूळ, मसाले, चकल्या चालतात.

पैशांचं म्हणाल तर मी काटेकोर हिशेब ठेवलेला नाही. बोगद्याचं तिकीट गाडीमागे असतं, माणसांमागे नाही, त्यामुळे चौघांत गाडी आम्हाला बरीच स्वस्त पडली, वाटेतल्या हॉटेलांसकट. दोघंच असाल तर फारसा फरक पडू नये. वर गेल्यावर गाडी आठवडाभर पैसे भरून पार्किंगमध्ये बर्फाखाली पडून राहते, हेही मोजा. व्हाल तोराँसमध्ये सामान उतरवलं की गाडी गावात ठेवता येत नाही, आणि पार्किंग आधी राखून ठेवावं लागतं.

मुलं नसतील, चारच दिवस असतील, किंवा तुम्ही मँचेस्टरच्या वर राहत असाल तर मी गाडीचा आग्रह धरणार नाही. मोर्झीनसारखं जिनिव्हाच्या जवळचं गाव निवडलं असेल तरी नाही, तिथे व्हॅनचा प्रवास जेमतेम सव्वा-दीड तासाचा आहे. एकट्यालाच गाडी चालवायची असेल तर दहादा विचार करा.

गेल्या वर्षी आमचे एक मित्र सहकुटुंब तिथेच होते, विमानाने आलेले. आम्ही रविवारी दुपारी पोचलो तेव्हा ते शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ मिळवून बसले होते, आणि त्यांनी ते आम्हाला ऐकवलंही. व्हॅन त्यांना वेळेवर मिळाली होती. रात्री आठच्या सुमारास दारावर टकटक झाली. वहिनी पातेलं घेऊन उभ्या, मागे दोन भुकेली मुलं. पातेल्यात तुरीची डाळ, दीड तास उकळूनही दाण्याचा दाणा. व्हाल तोराँस २,३०० मीटरवर आहे, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि त्यात डाळ काही शिजत नाही. "तुम्ही गाडीने आलात ना," त्या म्हणाल्या, "कुकर आणलाय का हो?"

आणला होता. पाच लिटरचा.