बटण गुलाब की कलमी हायब्रिड टी: कोणता, कुठे?

लांब देठाचं एकच टपोरं फूल फुलदाणीत हवं असेल तर हायब्रिड टी जातीचा गुलाब घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. वाफ्याची कडा, खिडकीची जाळी किंवा टांगती कुंडी सजवायची असेल, तर रोपवाटिकेत ‘बटण गुलाब’ म्हणून मिळणारा मिनिएचर, म्हणजे बुटका गुलाब बरा. तो 15 ते 45 सेंमी वाढतो. कडेला 30 सेंमी अंतरावर लावला तर सलग ओळ भरते. हायब्रिड टीला 75 सेंमी तरी सोडावे लागतात. टांगण्यासाठी ‘ग्रीन आइस’ पाहा. अमेरिकी गुलाब-पैदासकार राल्फ मूर यांची ही मिनिएचर जात पसरट वाढते आणि सावलीकडच्या फुलांवर हिरवट झाक येते.

झाड लहान म्हणजे काम कमी, हा समज मात्र उन्हाळ्यात फसतो. 8 इंची कुंडीतली माती मे महिन्यात दुपारपर्यंत कोरडी पडते, सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. 12-14 इंची कुंडीतला हायब्रिड टी एखादा दिवस सांभाळून घेतो. म्हणून मिनिएचरलाही 10 इंची कुंडीच द्या. त्यातच झुडूप बुटकं आणि दाट, त्यामुळे पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) बसला तरी लवकर दिसत नाही. पानं फिकट, ठिपकेदार झाली की दर दोन-तीन दिवसांनी खालून वर पाण्याचा जोरदार फवारा मारा. नेहमीची कीटकनाशकं इथे उलटतात; कोळ्याला खाणारे कीटकच आधी मरतात.

मिनिएचरची खरी जमेची बाजू मुळांत आहे. तो बहुधा फांदीपासून थेट वाढवलेला असतो, त्यामुळे बुडातून येणारा फुटवा त्याच जातीचा असतो. हायब्रिड टीचा डोळा (फुटव्याचा कोंब) जंगली गुलाबाच्या खुंटावर भरलेला असतो; त्या गाठीखालून फूट आली तर ती जंगली खुंटाची. वेळीच मुळाशी उपटली नाही तर कलम मागे पडतं. ऑक्टोबरच्या छाटणीतही बाहेरच्या बाजूचा डोळा शोधत बसावं लागतं. मिनिएचरचा वरचा एक तृतीयांश भाग कात्रीने सरळ कापा, आतल्या वाळक्या काड्या काढा, झालं.

ऊन दोघांनाही पाच-सहा तास हवंच. टेबलावर मिनिएचर ठेवायचा तर फुलल्यावर तीन-चार दिवसांपुरताच. आणि विकत आणलेल्या रोपाचा लाल चिकणमातीचा गोळा तसाच पुरू नका. पाण्यात भिजवून कडेची माती सोडवा, नाहीतर पाणी बाजूने वाहून जातं आणि मुळं कोरडीच राहतात.