माडीवरची शेगडी : जैन घरातल्या दुसऱ्या स्वयंपाकासाठी इंडक्शन कितपत चालते?

कोल्हापुरात इंडक्शन शेगडी दोन कारणांसाठी घेतली जाते. गॅस अचानक संपला तर अडायला नको, हे एक. दुकानदाराला आणि घरच्यांना तेच सांगितलं जातं. दुसऱ्या कारणाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. खाली आई-आण्णा सूर्यास्ताच्या आत जेवणारे, कांदा-लसूण-बटाटा उंबऱ्याच्या आत न घेणारे, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणारे. वर माडीवर मुलगा, कधी मुलगा आणि सून, ज्यांचे नियम एकेक करून सुटलेत. त्यावरून घरात वाद झालेला नाही की कोणी काही जाहीर केलेलं नाही. चूल मात्र दोन ठिकाणी पेटते. हे परीक्षण फक्त या दुसऱ्या वापरासाठी आहे. गॅसला पर्याय म्हणून बाजारातली कुठलीही बरी शेगडी चालते, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

नियम सुटण्याचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. पहिलं सुटतं ते रात्री न जेवण्याचं. नोव्हेंबरअखेर कोल्हापुरात सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनअखेर सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून सुटणारा माणूस हिवाळ्यात दिवस असताना घरी पोचूच शकत नाही. मग कांदा-लसूण, मग बटाटा, आणि झालंच तर सगळ्यात शेवटी अंडं. म्हणून शेगडी तपासायची ती तीन कामांवर: रात्री साडेआठला गरम जेवण, लसणाची फोडणी आणि अंडी.

पहिल्या कामात शेगडी पास होते, पण आवाजात मार खाते. बटणांच्या शेगड्या प्रत्येक स्पर्शाला ‘टीं’ करतात. चालू करताना एक, मोड निवडताना एक, वॅट वाढवताना चार. भांडं उचललं की पुन्हा ओरडतात. बहुतेक मॉडेलमध्ये हा आवाज बंद करायची सोयच नसते. खालचं घर आठ वाजता सामायिक (जैनांचं रोजचं ध्यान) आटोपून नऊला झोपणारं असेल, तर तो आवाज लाकडी तक्तपोशीतून सरळ खाली जातो. गोल फिरवायच्या बटणाची शेगडी त्यामानाने गप्प असते आणि वॅट कमी-जास्त करणंही सोपं जातं. दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी तीच घ्यावी. पंख्याची घरघर दोन्हींत असते, तिला इलाज नाही. स्वयंपाक झाल्यावर पंखा थोडा वेळ चालूच राहतो. गडबडीत लगेच प्लग ओढला तर आतली उष्णता सर्किटवर बसते, आणि वर्ष-दीड वर्षात शेगडी बंद पडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण झुरळं. खालच्या जाळीतून ती उबेला आत शिरतात. शेगडीखाली प्लास्टिक किंवा वर्तमानपत्र अंथरलं तर हवा कोंडते ती वेगळीच.

वॅटचा हिशेब आधी करावा. २००० वॅटला पावणेनऊ अँपिअर लागतात, १२०० वॅटला सव्वापाच. मंगळवार-शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांत माडीवर बहुधा ६ अँपिअरचाच सॉकेट असतो, तोही खालच्या गीझरच्या लाइनवर. तिथे पूर्ण ताकदीने शेगडी लावली की प्लगचं तोंड पिवळं पडतं, वायर मऊ होते, नाहीतर एमसीबी पडून खालचे दिवे जातात. आणि दिवे गेले की आण्णा जिना चढून वर येतातच. वायरमनकडून १६ अँपिअरची वेगळी लाइन ओढून घ्यावी, नाहीतर १२०० च्या वर जाऊ नये. एका माणसाच्या जेवणाला १२०० पुरतात. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मात्र ही शेगडी चालत नाही, प्रयत्नही करू नये.

स्वस्त शेगडीची खरी खोड मंद आचेत दिसते. ४०० वॅट लावले तरी ती ४०० देत नाही. काही सेकंद जोरात तापते, काही सेकंद बंद राहते. रस्सा उकळतो, बसतो, पुन्हा उकळतो. त्यात आतली कॉइल लहान असली तर भांड्याचा मधला गोल तेवढा तापतो. फोडणीत कडेचा लसूण कच्चा आणि मधला काळा, ही तक्रार त्यातूनच येते. विकत घेताना दुकानातच पातेल्यात दोन बोटं पाणी घालून सगळ्यात कमी वॅटवर ठेवायला सांगा. बुडबुडे सलग आले तर शेगडी बरी. थांबून थांबून आले तर पुढची दाखवा म्हणावं.

भांड्यांचा भाग सोपा आहे, पण या वापरात तोच सगळ्यात महत्त्वाचा. चुंबक घेऊन दुकानात जा. बुडाला चिकटला तर ते भांडं चालतं. पितळ, तांबं आणि साधं अ‍ॅल्युमिनियम चालत नाही, आणि ही अडचण इथे उलट फायद्याची ठरते. खालच्या घरातली आजीच्या वेळची पितळी पातेली चुकूनसुद्धा या शेगडीवर चढत नाहीत. बूड सपाट आणि निदान १२ सेंटिमीटर रुंद हवं, नाहीतर शेगडी भांडं ओळखत नाही. एक दीड लिटरचं झाकणाचं पातेलं, एक लहान कढई, एक ताट, दोन वाट्या, एक डाव. याहून जास्त घेतलं की भांडी जिन्यावरून खाली उतरायला लागतात.

खरा घोटाळा होतो तो इथेच. भांडी घासायला येणाऱ्या मावशी सगळं एका पाटीत गोळा करतात. स्टीलचं ताट स्टीलच्या ताटासारखंच दिसतं. महाद्वार रोडवर भांडी घेतानाच दुकानदार नाव घालून देतो. नावाच्या जागी काठाखाली नुसती फुली घालून घ्यावी, तीही ताटाच्या मागच्या बाजूला. घासणी वेगळी, साबणाची वाटी वेगळी, आणि धुणं वरच्याच मोरीत. स्टील आणि काच वास धरून ठेवत नाहीत. कुकरची रबरी रिंग, प्लास्टिकचा डबा, लाकडी उलथनं आणि स्पंज धरतात, कितीही घासलं तरी. कुकर वापरायचाच असेल तर वरची रिंग वेगळ्या रंगाची घ्या, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

आता वास. कांदा-लसूण मसाल्याच्या गावात कांदा-लसणाचा वास लपवायची वेळ येणं ही गंमतच आहे, पण ती काही घरांत रोजची आहे. वास येतो तो लसूण चिरला किंवा ठेचला की. पाकळी फुटली की आतला एक घटक दुसऱ्याला भेटतो आणि तिखट वास तयार होतो. हे काम करणारं द्रव्य उष्णतेने निकामी होतं. म्हणून पाकळ्या न सोलता, अख्ख्या, उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवायच्या, मग सोलून चमच्याने दाबायच्या. झणझणीतपणा जातो, चव बरीच राहते आणि वास निम्म्याहून कमी होतो. ठेचाच पाहिजे असेल त्याला हे पटणार नाही. त्याने ठेचा बाहेर खावा.

मसाल्याचंही तसंच. तयार कांदा-लसूण मसाल्यात कांदा, खोबरं, खडा मसाला आधीच भाजून-तळून कुटलेला असतो, त्याला पुन्हा तेलात परतायची गरज नसते. एका माणसाच्या रश्शाला दोन चमचे तेल, एक चमचा मसाला, दीड कप पाणी. मसाला आधी अर्धा कप गरम पाण्यात कालवायचा. तेल ६०० ते ८०० वॅटवर कोमट होईतो तापवायचं, त्यात कालवलेला मसाला ओतून लगेच झाकण ठेवायचं, दोन मिनिटांनी उरलेलं पाणी. तवंग गॅसवरच्यासारखा लालभडक येत नाही. फिकट येतो, पण येतो. तेल १६०० वर ठेवलं तर मिनिटाच्या आत धूर निघतो आणि मग खिडकी काही करू शकत नाही. मसाल्याची बरणी काचेची, पत्र्याच्या झाकणाची, आणि ती बरणी स्टीलच्या डब्यात. बरणीच्या आट्यांवर बसलेलं तेल दर आठवड्याला पुसावं, कपाट उघडताच येणारा वास तिथूनच येतो.

गरम हवा वर चढते, म्हणून माडी तळमजल्यापेक्षा बरी. पावसाळ्यात मात्र वारा पश्चिमेकडून येतो. खिडकी पश्चिमेला असली तर जून ते सप्टेंबर सगळा वास ढकलून जिन्यात घालतो. त्या दिवसांत दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी, पश्चिमेची बंद, टेबलफॅन खिडकीत तोंड बाहेर करून, आणि दाराच्या फटीला ओलं पोतेरं. अगरबत्ती लावू नये. लसूण अधिक मोगरा हा वास नुसत्या लसणापेक्षा लवकर ओळखू येतो.

अंड्यांना ही शेगडी उत्तम. एक लिटर पाणी १२०० वॅटवर साधारण पाच मिनिटांत उकळतं, वीज लागते एक दशांश युनिटच्या आसपास. चार अंडी सोडायची, पुन्हा उकळी आली की बंद करून बारा मिनिटं झाकून ठेवायची, मग लगेच गार पाण्यात. जास्त शिजलं की बलकाभोवती हिरवट कडं येतं आणि वासही तेव्हाच सुटतो. इलेक्ट्रिक किटलीत अंडी उकडण्याची युक्ती पुष्कळजण करतात, ती करू नये. एक जरी कवच तडकलं तरी पांढरा फेस तळाला चिकटून करपतो, आणि त्या किटलीतला चहा पुढे महिनाभर सांगत राहतो. टरफलं कुंडीत घालू नका, पांढरे तुकडे दिसतात. कागदात बांधून कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकायची. घरचा कचरा आई बाहेर देते, म्हणून वरची बादली खालच्या बादलीत कधीच रिकामी करायची नाही.

मटण या शेगडीवर करू नये. दीड तास शिजवायचं, थांबून-थांबून तापणाऱ्या कॉइलवर, हाडांचा कचरा सांभाळत, हे जमत नाही. शिवाय रात्री जेवणं आणि लसूण याकडे घर डोळेझाक करतं, मटणाकडे करत नाही. तांबडा-पांढरा रस्सा बाहेर खाण्यासाठीच आहे, गावात खानावळींना तोटा नाही. ओळखीच्या माणसांनाही तोटा नाही, हा भाग वेगळा. दसरा चौकात दिगंबर जैन बोर्डिंग, शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठ. त्या दोन्हींच्या मधे कुठल्याही गाड्यावर मिसळ खायला उभं राहिलं तरी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आईशेजारी बसणारं कोणीतरी दिसतंच.

पर्याय थोडक्यात. पाच किलोचा सिलिंडर झोपायच्या खोलीत ठेवणं धोक्याचं. तापलेल्या तारेची जुनी कॉइल शेगडी स्वस्त आणि गप्प, पण कुठलंही भांडं घेते, म्हणजे पितळी पातेलंही वर यायला मोकळं. शिवाय बंद केल्यावर बराच वेळ तापलेली राहते. डबा लावणं सगळ्यात सोपं, पण डबेवाला दारात हाक मारतो.

वर्षातले काही दिवस शेगडी बंदच ठेवावी. भाद्रपदात पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दशलक्षण या जैन पर्वाचे दहा दिवस खाली जेवावं, दिवस असताना जेवावं. नोकरीमुळे संध्याकाळ जमत नसेल तर सकाळचं तरी. हे ढोंग आहे का, असा प्रश्न काहीजण स्वतःला विचारत बसतात. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण चप्पल बाहेर काढतोच, तितकंच हे.

महाराजांचा चौका, म्हणजे जैन मुनींच्या आहारासाठी घरात मांडलेला शुद्ध स्वयंपाक, मात्र वेगळी गोष्ट आहे. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात, आणि पडगाहन करताना, म्हणजे त्यांना आहारासाठी घरात बोलावताना, दारात उभं राहणारा माणूस तोंडाने म्हणतो: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. ते वाक्य विधीचा भाग म्हणून उरकायचं नसतं. समोरचा माणूस त्याच्या भरवशावर ओंजळ पुढे करतो. ज्याने रात्री नऊला अंडी खाल्ली त्याने तिथे उभं राहू नये, आणि कारणही सांगत बसू नये. मांडव, गाड्या, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, ही कामं आधीच अंगावर घ्यावीत. ऐन वेळी मागे सरकलं की दहाजण विचारतात, आदल्या रात्रीच गाडीची किल्ली मागितली तर कोणी विचारत नाही. चौक्याच्या दिवसांत शेगडी कोरडी पुसून, वायर गुंडाळून, खोक्यात घालून माळ्यावर. मसाल्याची बरणी घरात ठेवू नये, मित्राकडे द्यावी.

बाकी वर्षभराला एकच शिस्त पुरते. वर गेलेलं खाली येत नाही. दूध वर नेलं तर उरलेलं तिथेच संपवायचं, तुपाच्या भांड्यात वरचा चमचा जाता कामा नये, मीठसुद्धा वेगळं. स्वतः काय खायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. आईने काय खायचं हे तिने ठरवलेलं आहे, आणि तिच्या नकळत ते मोडायचा अधिकार शेगडीबरोबर मिळत नाही.

याला अपवाद भाकरीचा. बऱ्याच घरांत आई संध्याकाळी पाचलाच दोन भाकरी जास्त थापते, फडक्यात गुंडाळून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवते, आणि काही बोलत नाही. भाकरी वर नेताच फडक्यातून काढून वरच्या ताटात घ्यायची. फडक्यावर रश्शाचा थेंब पडू द्यायचा नाही. पिवळा डाग धुऊनही जात नाही, आणि सकाळी ते फडकं तिला कोरडं, घडी घालून, त्याच पायरीवर परत लागतं.