नाविक: सिग्नल खणखणीत, सेवा अपुरी

'नाविक' ही इस्रोने उभारलेली उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सेवा आहे. ती वापरण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही आणि पैसेही मोजावे लागत नाहीत. तिचे सिग्नल ओळखणारी चिप मोबाइलमध्ये असली की आपल्याला पत्ता न लागता ती वापरली जाते. एखाद्या हॉटेलचे किंवा कुरिअरचे परीक्षण जितक्या सहजपणे होते, तितके या सेवेचे होत नाही. एक तर ती फुकट आहे, आणि दुसरे म्हणजे इस्रोविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे. तो आदर माझ्याही मनात आहे, आणि म्हणूनच ही सेवा चांगली चालावी असे मनापासून वाटते. सह्याद्रीत नेहमी भटकणारा आणि अनेक वर्षे ही व्यवस्था बारकाईने पाहणारा वापरकर्ता म्हणून माझे मत असे आहे की नाविकचा सिग्नल उत्तम आहे आणि तिची आकाशातली रचना फार विचारपूर्वक केलेली आहे, पण आज तिच्या एकटीच्या भरवशावर राहता येत नाही.

तिची गरज का पडली, हे आधी सांगायला हवे. १९९९च्या कारगिल युद्धात अमेरिकेने जीपीएसची माहिती भारताला नाकारली, असे तेव्हापासून सांगितले जाते. ती हकिकत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. २ मे २०००पर्यंत जीपीएसचा नागरी सिग्नल अमेरिका मुद्दाम बिघडवून देत असे, त्यामुळे त्यात सुमारे १०० मीटरपर्यंत चूक येऊ शकत असे, आणि अचूक सिग्नल तिच्या व तिने परवानगी दिलेल्या सैन्यांपुरता राखलेला होता. कारगिलसारख्या ठिकाणी १०० मीटर म्हणजे धारेच्या अलीकडचा उतार की पलीकडचा, एवढा फरक पडतो. दुसऱ्याच्या हातातल्या किल्लीवर आपल्या तोफखान्याने आणि विमानांनी अवलंबून राहू नये, या विचाराला २००६मध्ये सरकारची मंजुरी मिळाली आणि १४२० कोटी रुपयांचा प्रकल्प उभा राहिला.

मूळ आराखडा सात उपग्रहांचा. त्यांपैकी तीन विषुववृत्तावर ३२.५, ८३ आणि १२९.५ अंश पूर्व रेखांशांवर स्थिर दिसतात, तर उरलेले चार ५५ आणि १११.७५ अंशांवर, विषुववृत्ताशी २९ अंशांनी कललेल्या कक्षांत, जमिनीवरून पाहता इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट काढत वर-खाली फिरतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला फेऱ्या घालतात आणि आपल्यासाठी उगवतात, मावळतात. नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत आणि भारताच्या आकाशातून ते सहसा हलत नाहीत. संपूर्ण जगाला सेवा द्यायची नसून भारत आणि त्याच्या सीमांपलीकडचे सुमारे १५०० किलोमीटर एवढाच प्रदेश सांभाळायचा असेल, तर थोडक्या उपग्रहांत काम भागवण्याचा याहून नेटका मार्ग मला दिसत नाही. जुलै २०१३ ते एप्रिल २०१६ या काळात हे सातही उपग्रह इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने श्रीहरिकोट्याहून कक्षेत नेले, आणि त्यात एकही उड्डाण फसले नाही.

या रचनेचा फायदा प्रत्यक्ष पाहता येतो. मोबाइलला दिसणाऱ्या उपग्रहांची यादी दाखवणारी मोफत ॲप्स मिळतात. उघड्या माळावर असे ॲप सुरू केले की अमेरिकेच्या, रशियाच्या, चीनच्या आणि युरोपच्या झेंड्यांच्या रांगेत मोजक्या ओळी तिरंग्याच्याही दिसतात. त्या ओळींत प्रत्येक उपग्रह क्षितिजापासून किती अंश वर आहे, कोणत्या दिशेला आहे आणि त्याचा सिग्नल किती जोरकस आहे, हे आकड्यांत येते. तासाभराने पुन्हा पाहिले तर जीपीएसचे उपग्रह पुढे सरकलेले असतात, काही मावळलेले असतात. स्थिर कक्षेतल्या नाविक उपग्रहाचे आकडे मात्र जवळपास जिथल्या तिथे असतात. स्थान ठरवताना मोबाइलने कोणते उपग्रह वापरले, तेही तिथे खुणेने कळते, आणि तिरंग्याच्या ओळीपुढे ती खूण उमटली की मला खरोखर आनंद होतो.

सिग्नलच्या बाबतीतही नियोजन चांगले होते. नाविक एल-५ आणि एस या रेडिओलहरींच्या दोन वारंवारता-पट्ट्यांत प्रक्षेपण करते. उपग्रहाकडून येणारी लहर वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना रेंगाळते, आणि विषुववृत्ताजवळच्या आपल्या भागात हा थर विशेष दाट व चंचल असतो. दोन वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरी किती रेंगाळल्या, याची तुलना करून रिसीव्हर ही चूक स्वतःच काढून टाकू शकतो. मात्र हा लाभ दोन्ही पट्टे घेणाऱ्या खास रिसीव्हरला मिळतो. मोबाइलमध्ये एस पट्टा येत नाही. शिवाय बराच काळ स्वस्त मोबाइलच्या चिप फक्त जीपीएसच्या एल-१ पट्ट्यावर चालत असल्यामुळे नाविक आकाशात असूनही लोकांच्या हातात पोहोचली नाही. क्वालकॉमने जानेवारी २०२०मध्ये नाविक ओळखणाऱ्या चिप जाहीर केल्या, २०२३मध्ये आयफोन १५ प्रो मध्येही ती सोय आली, आणि त्याच वर्षी २९ मे रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या दुसऱ्या पिढीच्या उपग्रहाने अखेर एल-१ पट्टाही दिला. हा निर्णय पहिल्या सात उपग्रहांच्या वेळीच झाला असता तर सामान्य वापर कित्येक वर्षे आधी रुजला असता.

आता मुख्य उणिवेकडे वळतो. अशा सेवेचा सगळा डोलारा वेळेवर उभा असतो. उपग्रहाने 'आत्ता इतके वाजले' असे सांगायचे, तो सिग्नल पोहोचायला किती वेळ लागला ते रिसीव्हरने मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३० सेंटिमीटर, आणि दशलक्षाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटर. म्हणून प्रत्येक उपग्रहात रुबिडियमची अणुघड्याळे असतात. पहिल्या पिढीतली घड्याळे आयात केलेली होती. २०१६च्या मध्यापासून आयआरएनएसएस-१ए (आयआरएनएसएस हे नाविकचे मूळ नाव; पुढे फक्त १ए, १बी असे लिहितो) या पहिल्याच उपग्रहातली तीनही घड्याळे एकापाठोपाठ बंद पडली, आणि पुढे इतर उपग्रहांतही हेच दुखणे दिसले. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांतली घड्याळेही त्याच सुमारास बंद पडत होती, त्यामुळे घड्याळे बिघडली याचा दोष मी इस्रोला देणार नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने स्वतःचे रुबिडियम घड्याळ बनवले आणि ते एनव्हीएस-०१मध्ये बसवले, ही तर मोठी कामगिरी आहे.

माझी तक्रार बदली उपग्रहांच्या वेळापत्रकाबद्दल आहे. १एच्या जागी पाठवलेला १एच ३१ ऑगस्ट २०१७ रोजी उष्णतारोधक कवच न उघडल्यामुळे वाया गेला. एप्रिल २०१८मध्ये १आय व्यवस्थित पोहोचला. त्यानंतर मे २०२३पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, नाविकचा एकही नवा उपग्रह गेला नाही. घड्याळे बंद पडत असल्याचे ठाऊक होते आणि पहिल्या पिढीचे आयुष्य दहा वर्षांचे धरलेले होते. एप्रिल २०१४मध्ये गेलेल्या १बीची दहा वर्षे एप्रिल २०२४मध्ये भरणार, हे कोणालाही आधीच सांगता आले असते. मग २९ जानेवारी २०२५ रोजी एनव्हीएस-०२ गेला. श्रीहरिकोट्याहून झालेले ते १००वे उड्डाण होते. रॉकेटने आपले काम चोख केले, पण उपग्रहाच्या इंजिनाकडे ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारा पदार्थ, सोडणारी झडप उघडली नाही आणि तो लंबवर्तुळाकार कक्षेतच अडकला. अपघात कोणत्याही अंतराळ संस्थेच्या वाट्याला येतात. हाताशी राखीव उपग्रह नसताना आलेला अपघात मात्र थेट वापरकर्त्याला भोगावा लागतो.

जुलै २०२५मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवर पाठवलेल्या अकरा उपग्रहांपैकी केवळ चार स्थाननिश्चितीचे काम करत होते, चार फक्त एकमार्गी संदेश पाठवण्यापुरते उरले होते, एक निवृत्त झाला होता आणि दोन इच्छित कक्षेत पोहोचलेच नव्हते. अक्षांश, रेखांश, उंची आणि रिसीव्हरच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात गोष्टी काढायला किमान चार उपग्रह लागतात. म्हणजे या आकड्यात राखीव असे काहीच नाही.

महाराष्ट्रातून पाहता हे चित्र आणखी नाजूक होते. तेव्हा कामात असलेल्या त्या चारांपैकी १बी आणि १आय ५५ अंशांवर, १एफ ३२.५ अंशांवर, म्हणजे तीनही आपल्या पश्चिमेला, आणि एकटा एनव्हीएस-०१ पूर्वेला १२९.५ अंशांवर. आपल्या घाटमाथ्यावरून तो जवळपास थेट पूर्वेला, क्षितिजापासून साधारण २५ अंश वर असतो. माथ्यावर उभे असताना त्याची अडचण नाही. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली, बेलपाड्याकडून नळीच्या वाटेला लागल्यावर पूर्वेचे सगळे आकाश कड्याने झाकलेले असते, त्यामुळे हा चौथा उपग्रह भिंतीआड जातो आणि उरलेल्या तिघांवर केवळ नाविकचे त्रिमितीय स्थान निघू शकत नाही. भटक्याला याची झळ लागत नाही, कारण त्याचा मोबाइल जीपीएस आणि इतर यंत्रणांचे डझनावारी उपग्रह सोबत जोडून घेतो. हिमालयातल्या दरीत, जीपीएस मिळेलच याची खात्री नसताना उभ्या असलेल्या तुकडीला मात्र अशाच कड्याखाली हा प्रश्न जिवावरचा ठरू शकतो.

नाविकमध्ये लष्करासाठी सांकेतिक लिपीत बांधलेली वेगळी राखीव सेवा आहे. तिची अचूकता तपासणे नागरिकाच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि ते तसेच असायला हवे. पण ती याच उपग्रहांवरून चालते, त्यामुळे उपग्रहांची वानवा तिच्याही मुळाशी येते. युक्रेनच्या युद्धात रशियाने केलेल्या जॅमिंगमुळे, म्हणजे सिग्नल दाबून टाकल्यामुळे, जीपीएसच्या आधारे जाणारे तोफगोळे भरकटू लागले, हे जगाने पाहिले. नाविकचा सिग्नल त्याहून दूरवरून येतो, म्हणून त्यालाही जॅमिंगची भीती आहेच. तरी एस पट्टा वेगळा असल्यामुळे शत्रूला एकाच वेळी अधिक पट्टे दाबावे लागतात. जो देश अशा गरजेपोटी स्वतःची यंत्रणा उभारतो, त्याने सुटे उपग्रह तयार ठेवण्याचा खर्च संरक्षणाचाच खर्च मानायला हवा.

संदेशसेवेबद्दल मात्र मी समाधानी आहे. २०१७च्या अखेरीस ओखी वादळात खोल समुद्रातल्या मच्छीमारांना इशारा पोहोचवणे किती कठीण गेले, ते आपण पाहिले आहे. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते. नाविकचे संदेश घेणारे उपकरण होडीवर असले की वादळाचा किंवा सागरी सीमा जवळ आल्याचा इशारा तिथे थेट येऊ शकतो. पालघर जिल्ह्यातले कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि त्यांतले काही सीमेपलीकडे पकडले जाऊन वर्षानुवर्षे पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडतात. त्यांच्या घरांसाठी या एका इशाऱ्याचे मोल फार मोठे आहे. उणीव एवढीच की या सेवेत उत्तर देता येत नाही. ती भरून काढण्यासाठी इस्रोच्याच तंत्रावर बनलेले, दोन्ही बाजूंनी बोलणारे ट्रान्सपाँडर एक लाख बोटींवर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरलाच झाला. नाविकच्या घड्याळांवर हे दळणवळण अवलंबून नाही, ही त्यातली जमेची बाजू.

माहिती देण्याच्या बाबतीत या सेवेला मी सर्वांत कमी गुण देईन. जीपीएसचा एखादा उपग्रह दुरुस्तीसाठी बाजूला घेतला तरी वापरकर्त्यांसाठी अधिकृत सूचना निघते. जुलै २०१९मध्ये गॅलिलिओ जवळपास आठवडाभर बंद पडली, तेव्हा तशा सूचना त्यांनीही काढल्या. नाविकचा कोणता उपग्रह चालू आहे आणि कोणता नाही, हे आपल्याला मुख्यतः संसदेतल्या उत्तरांतून आणि माहितीच्या अधिकाराखालच्या अर्जांतून कळत आले आहे. नागरी सेवेच्या उपग्रहांची रोजची स्थिती जाहीर केल्याने कोणतेही गुपित फुटत नाही, कारण हाती रिसीव्हर असलेल्या कोणालाही ती तशीही दिसते.

ज्यांना व्यवहारात निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. नवा मोबाइल घेताना नाविकची सोय असली तर चांगलेच, पण केवळ तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. एल-१ आणि एल-५ असे दोन्ही पट्टे घेणारा मोबाइल आहे का, हे विचारणे अधिक उपयोगाचे. बस-टॅक्सीच्या मालकांनी नियमानुसार लागणारे स्थानदर्शक यंत्र घेताना ते नाविकबरोबर जीपीएसही वापरते याची खात्री करून घ्यावी आणि आपत्कालीन बटण विक्रेत्यासमोरच दाबून पाहावे. मच्छीमार संस्थांनी ट्रान्सपाँडरसाठी आपल्या बोटींची नावे मत्स्यव्यवसाय विभागाकडे लावून धरावीत. आणि एनव्हीएस मालिकेतले ०३, ०४ आणि ०५ हे उपग्रह आपापल्या जागी पोहोचून काम करू लागले, की या सेवेचे परीक्षण नव्याने लिहायला मला मनापासून आवडेल.