मोटरहोमचा फ्रिज: गॅसवर चालणारा बरा की कॉम्प्रेसरवाला? आदल्या दिवसाची तयारी बघून ठरवा

मोटरहोम भाड्याने घेताय, जुनी विकत घेताय किंवा रिकामी व्हॅन घेऊन आतलं सगळं स्वतः करताय, फ्रिजचा प्रश्न येतोच आणि बहुतेक जण तो लिटरवर सोडवतात, ८० लिटर पुरेल का १४० घेऊ वगैरे. लिटर नंतर बघा हो. आधी बघा तो थंड कशावर होतो, कारण निघायच्या आदल्या दिवशी किती तयारी करावी लागणार आणि पोचल्यावर गाडी कुठे, कशी लावता येणार हे सगळं त्यावर अवलंबून असतं.

प्रकार मुख्य दोनच. एक थ्री-वे, म्हणजे अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज, जो गॅस, बाहेरची लाइट आणि गाडीचे १२ व्होल्ट अशा तिन्हीवर चालतो. दुसरा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचंच तत्त्व, फक्त बॅटरीवर.

थ्री-वेमध्ये फिरणारा एकही पार्ट नसतो. मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचं सीलबंद असतं, खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, तिथे गार होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या सोबतीने त्याची वाफ होताना तो फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो आणि परत पाण्यात मिसळतो, की पुन्हा तेच चक्र. स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे डिझाइन काढलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. मला हे यंत्र मनापासून आवडतं, आगीवर बर्फ तयार होतो आणि तोही आवाज न करता! पण यातला द्रव नुसत्या उतारावर वाहतो, पंप वगैरे काही नाही, म्हणून सगळं संथ चालतं आणि म्हणूनच फ्रिज लेव्हलला असावा लागतो. आदल्या दिवसाचं सगळं टेन्शन या दोन गोष्टींतून येतं.

आधी वेळेचं बघू. थ्री-वेला पूर्ण थंड व्हायला १२ ते २४ तास द्या, म्हणजे सकाळी निघायचं तर आदल्या दिवशी सकाळीच चालू, उशिरात उशिरा संध्याकाळी. प्लग मिळत असेल तर लाइटवरच लावा. कॉम्प्रेसरवाला तीन-चार तासांत तयार होतो, रात्री आठवण राहिली नाही तरी पहाटे लावून चालतं. भाड्याच्या गाडीत हा फरक फार जाणवतो कारण गाडी ताब्यात मिळणार सकाळी आणि लगेच सामान भरून निघणार, तर थ्री-वे असेल तर मालकाला आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा. नाहीतर पहिल्या दिवशी ते फक्त एक कपाट आहे असं धरून चाला.

थ्री-वे चालू करण्याआधी गाडी सपाट उभी आहे ना ते बघायचं. साधारण आडवा ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश एवढाच कल चालतो, मॉडेलनुसार थोडं कमी-जास्त. चालत्या गाडीत प्रश्न येत नाही कारण हलण्याने द्रव फिरत राहतो, पण उतारावर तासन्‌तास उभी करून फ्रिज चालू ठेवला तर बॉयलरची, म्हणजे खालून तापवली जाणारी नळी कोरडी पडून जास्त तापते, आतलं गंजरोधक रसायन खडे होऊन अडकतं आणि मग कूलिंग युनिट, म्हणजे मागच्या सीलबंद नळ्यांचा अख्खा संच कायमचा जातो. कॉम्प्रेसरला हे दुखणं नाही, बरेच तर ३० अंश कललेल्या बोटीतसुद्धा चालतात. रस्त्याकडेला, डोंगरात, मिळेल तिथे मुक्काम करणाऱ्यांनी इथेच अर्धा निर्णय घेऊन टाकावा.

आता बर्नर. गाडी महिनोन्‌महिने उभी असली की बाहेरच्या जाळीमागे बर्नरमध्ये कोळी हमखास घर करतो, गॅसच्या वासाकडे ते ओढले जातात म्हणे. जाळी काढा, टॉर्च मारा, धूळ आणि जाळं मऊ ब्रशने साफ करा, थंडीत लावलेली झाकणं असतील तर तीही काढा. मग नॉब दाबून धरा आणि इग्निशन मारा, टिक टिक टिक होतं आणि काहीच पेटत नाही, घाबरू नका, पाइपात हवा भरलेली असते, चार-पाच वेळा करावं लागतं. पेटल्यावर ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, उड्या मारणारी असेल तर साफसफाई नीट झालेली नाही किंवा जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी बदलायला झालीय, ते काम गॅसवाल्या मेकॅनिकचं, आपण हात घालू नये. मागच्या नळ्यांवर पिवळसर पावडर दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर फ्रिज बंद, दारं-खिडक्या उघडा आणि त्यावर ट्रिप काढायची नाही. आणि पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी ज्योत बंद, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

कॉम्प्रेसरवाल्याला गॅस नाही, बर्नर नाही, पण त्याची सगळी तयारी बॅटरीत आहे. चालू असताना तो साधारण ४ ते ५ अँपिअर खातो, मधे मधे बंद होतो, म्हणून दिवसाला ३० ते ५० अँपिअर-अवर धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. १०० अँपिअर-अवरची लेड बॅटरी असेल तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे चार्जिंगशिवाय जेमतेम एक दिवस. तेवढीच लिथियम असेल तर जवळपास दोन दिवस निघतात. छपरावर २०० वॉटचं सोलर असेल तर चांगल्या उन्हात हिशोब जुळतो, पण मग गाडी झाडाखाली लावता येत नाही, आणि उन्हात लावली की आत तापतं आणि फ्रिज अजून जास्त खातो. हे त्रांगडं कॉम्प्रेसर घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावं. अजून एक, दिवसा इंजिन चालू असताना फ्रिज मस्त चालतो आणि रात्री अचानक बंद पडतो अशी तक्रार असेल तर लोक फ्रिजला शिव्या देतात, पण बऱ्याचदा वायर बारीक असते किंवा टर्मिनल ढिलं, त्यामुळे फ्रिजपर्यंत पोचताना व्होल्टेज पडतं आणि त्याचं सुरक्षा सर्किट त्याला बंद करतं. निघण्याआधी कॉम्प्रेसर चालू असताना फ्रिजच्या टोकाला मीटर लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

थ्री-वेच्या १२ व्होल्टवर भिस्त ठेवू नका. ते १० ते १५ अँपिअर खातं आणि आधीच थंड असलेलं फक्त टिकवतं, म्हणून ते इंजिन चालू असतानाच वापरायचं. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं की ते आपोआप तुटतं, ज्यात तुटत नाही त्यात चार-पाच तासांत मोटरहोमच्या राहत्या भागाची बॅटरी संपते. थांबलात की गॅसवर टाका. गॅसवर मात्र हा फ्रिज राजा आहे, २४ तासाला साधारण २५० ते ४०० ग्रॅम, म्हणजे ५ किलोच्या सिलिंडरवर नुसत्या फ्रिजपुरते साधारण बारा ते वीस दिवस, ना सोलर, ना प्लग, ना रात्री घुं घुं. पलंग फ्रिजला चिकटून असेल आणि झोप सावध असेल तर कॉम्प्रेसरचा आवाज एकदा ऐकूनच घ्या.

पण उकाड्यात चित्र उलटं होतं. थ्री-वे बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण २० ते २५ अंश खाली नेतो, म्हणजे बाहेर ४० असेल तर आत १५ ते २०, आणि खाणं सुरक्षित राहायला आत ५ च्या खाली हवं. जाळीमागे छोटा पंखा, जाळीची बाजू सावलीत, आत हवा फिरवणारा बॅटरीचा पंखा, याने फरक पडतो पण चमत्कार होत नाही. साधारण १,००० मीटरच्या वर काही थ्री-वे गॅसवर कुरकुर करतात, तेही लक्षात ठेवा.

सामान भरण्याचा नियम दोघांनाही एकच, आधी घरी थंड केलेलंच आत जाणार. थ्री-वेमध्ये कोमट बाटल्यांचा खोका कोंबला तर अख्खी रात्र त्यातच जाते. बर्फ केलेल्या दोन-तीन पाण्याच्या बाटल्या ठेवा, पण हवा फिरायला फटी सोडा. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा, सहज निसटला तर गळती आहे. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभरानंतरचा आकडा बघा, डिस्प्लेवर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर उष्ण हवा, रोज नवी जागा, थोडं तरी ड्रायव्हिंग असेल तर कॉम्प्रेसर, विचारच करू नका. थंड-समशीतोष्ण हवेत एकाच सपाट जागी आठवडाभर प्लगशिवाय राहणारे असाल, तर थ्री-वे. जुन्या गाडीत थ्री-वे असेल तर सौद्याआधी एक रात्र लाइटवर आणि एक रात्र गॅसवर चालवून बघायला मागा. एकावर चालतो आणि दुसऱ्यावर नाही तर एलिमेंट (लाइटवर तापणारी कॉइल) किंवा बर्नरचं काम आहे, ते होऊन जातं. दोन्हीवर थंड होत नसेल तर कूलिंग युनिट गेलंय, आणि त्या फ्रिजमधला सगळ्यात महागडा पार्ट तोच.