बेळगाव ते लंडन: मुंबईमार्गे की दिल्लीमार्गे?

मुंबई–लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किमी, दिल्ली–लंडन 6,700. म्हणजे दिल्ली जवळची. पण आपण निघतो बेळगावातून! सांबऱ्याच्या विमानतळावरून दिल्लीच 1,400 किमी उत्तरेला, थेट विमान मिळालं तर साधारण अडीच तास. मुंबई जेमतेम 500 किमी. रात्रीच्या बसनं निपाणी, कोल्हापूर, पुणे करत नऊ-दहा तास. गंमत बघा, तिथून पुढं लंडनही जवळपास तेवढ्याच वेळात येतं. जाताना वारा समोरून, म्हणून परतीपेक्षा वेळ जास्तच.

आईला पाठवायचं तर मी मुंबईच म्हणेन. दिल्लीत तिकिटं वेगवेगळी असली की सामान घेऊन पुन्हा जमा करायचं, आणि तिच्या बॅगेत दोन किलो कुंदा असतोच.