टाकीखालची ब्रेक लाईन बदललीच नव्हती

पैसे घेतले सहा ब्रेक लाईनचे. गाडीत निघाल्या तीन नव्या, एक जुनीच पण वरून चकचकीत जाळी चढवलेली, आणि दोन जशाच्या तशा, गाडी कारखान्यातून आली तेव्हाच्या. टूरिंग मोटरसायकलला स्टील ब्रेडेड लाईन, म्हणजे वरून स्टीलची जाळी विणलेली ब्रेक ऑइलची नळी, बसवून घेणारे बरेच जण आहेत आणि हा प्रकार कोणाच्याही बाबतीत घडू शकतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ब्रेकच्या कामात कोणी असं करत असेल तर गप्प बसणं मला शक्य नाही.

आधी लाईनची मांडणी सांगतो, कारण फसवणूक तिच्यातच लपलेली होती. माझ्या गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. त्यामुळे हँडलपासून चाकापर्यंत एकच सलग लाईन जात नाही. पुढच्या मास्टर सिलिंडरपासून (लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा भाग) एक लाईन टाकीखालच्या एबीएस युनिटला जाते. तिथून दुसरी परत पुढे येऊन फोर्कजवळच्या जोडाला मिळते आणि त्या जोडापासून दोन कॅलिपरना (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) दोन. मागे पायाच्या ब्रेकपासून एबीएसपर्यंत एक, एबीएसपासून मागच्या कॅलिपरपर्यंत एक. एकूण सहा. प्रत्येक गाडीत हा आकडा वेगळा असतो, पुढचा-मागचा ब्रेक जोडलेला असेल तर आणखी वाढतो. माझ्या सहांपैकी तीन गाडीशेजारी उभं राहिलं तरी दिसतात. एकीचं फक्त हँडलजवळचं टोक दिसतं. उरलेल्या दोन टाकी आणि साईड पॅनल काढल्याशिवाय दिसतच नाहीत.

बदलायचं ठरवलं त्याला दोन कारणं होती. रबरी होज, म्हणजे कारखान्यातून आलेल्या रबरी लाईन, जुने झाले होते. यामाहा, सुझुकीसारख्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी आणि होज दर ४ वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं, आणि माझे त्याच्या कितीतरी पुढे गेले होते. रबर जुनं झालं की दाबाखाली जास्त फुगतं. मग लिव्हर दाबल्यावर जे ऑइल पिस्टनकडे जायला हवं, त्यातलं थोडं होज फुगवण्यातच जातं आणि लिव्हर स्पंजी लागतो. मागे माणूस, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा आणि लांब उतार असला की हा फरक हाताला चांगलाच जाणवतो. दुसरं कारण म्हणजे मी हँडलला रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) बसवले होते. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की वरची लाईन जेमतेम पुरायची. म्हणून किट सांगताना ती एक लाईन थोडी जास्त लांबीची हवी, हे मी बजावून सांगितलं होतं.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा लिव्हर खरोखर कडक झाला होता. या फसवणुकीचं वर्म इथे आहे. जुनं ऑइल काढून नवं भरलं आणि एअर नीट काढली, तर लाईन जुन्या असल्या तरी लिव्हर कडक लागतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा मात्र १५५ अंशच आहे, म्हणजे जुनं ऑइल तापल्यावर लवकर उकळतं आणि त्यात बुडबुडे होतात. शिवाय जुन्या गाडीत लाईनच्या वळणांवर बारीक बुडबुडे अडकलेले असतात. हे सगळं निघून गेलं की पहिल्या दिवशी गाडी वेगळीच वाटते आणि माणूस ते श्रेय नव्या लाईनला देऊन मोकळा होतो. पहिल्या दिवशीचा कडक लिव्हर हा लाईन बदलल्याचा पुरावा नाही.

एक गोष्ट त्याच दिवशी खटकली होती. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तर वरची लाईन आधीइतकीच ताणत होती. विचारलं तर उत्तर आलं, "दादा, नवीन लाईन आहे, कडक असते. चालवा, सेट होईल." ब्रेडेड लाईन रबरापेक्षा कडक असते, हे खरं आहे. पण कडकपणाने लाईनची लांबी कमी होत नाही. जुने पार्ट मागितले, तर ते भंगारात गेले म्हणाले.

काही आठवड्यांत लिव्हर पुन्हा मऊ पडू लागला. मग पुढच्या डाव्या कॅलिपरच्या बँजो बोल्टभोवती (लाईनचं टोक कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) ओल दिसली आणि खाली फेंडरच्या रंगाला फोड आले. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे गळती कुठून आहे ते लगेच कळलं. एका लांब उतारावर लिव्हर नेहमीपेक्षा बराच आत गेला तेव्हा मी गाडी बाजूला घेतली, ब्रेक थंड होऊ दिले आणि अगदी सावकाश खाली उतरवली. त्यानंतर गाडी हलवली ती थेट दुसऱ्या मेकॅनिककडे, तीसुद्धा दुसऱ्या वाहनात चढवून.

या मेकॅनिककाकांनी पाना हातात घेण्याआधी टॉर्च घेतला. टाकी काढली, एबीएस युनिटवर उजेड टाकला आणि मला जवळ बोलावलं. युनिटवरच्या बोल्टच्या डोक्यांवर बऱ्याच गाड्यांत कारखान्यातच रंगाचा एक ठिपका देतात, अर्धा बोल्टवर आणि अर्धा शेजारच्या भागावर. बोल्ट जरा जरी फिरला तरी ठिपका तुटतो. मागच्या कॅलिपरला जाणाऱ्या लाईनचा बोल्ट सोडला, तर माझ्या एबीएसवरच्या एकाही बोल्टचा ठिपका तुटलेला नव्हता. म्हणजे बाकी बोल्टना पानाच लागलेला नव्हता. मग त्यांनी रबरी होजवरची धूळ पुसली. खाली उत्पादनाची तारीख छापलेली होती, गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची. "ही लाईन गाडीबरोबरच आलेली आहे," एवढंच ते म्हणाले.

वरची लाईन पाहून तर मला फार संताप आला. हँडलजवळ जी स्टीलची जाळी चमकत होती, ती नुसती शोभेची होती. होजवर सरकवायची अशी जाळी वेगळी विकत मिळते. जुन्या रबरी होजवर ती चढवून दोन्ही टोकांना आकसणारी काळी नळी गरम करून बसवली होती. टाकीखाली जाळी संपत होती आणि पुढे उघडं रबर होतं. लांबी अर्थातच जुनीच. खऱ्या ब्रेडेड लाईनमध्ये आत टेफ्लॉनची नळी असते आणि तिच्यावर घट्ट विणलेली जाळी तिला फुगू देत नाही. शोभेची जाळी सैल असते, ती दाब अडवत नाही. उलट तिच्यामुळे आतल्या रबराला गेलेले तडे झाकले जातात. रबरी होज तपासायची मुख्य रीत म्हणजे वाकवून तडे पाहणे, आणि तीच बंद करून टाकली होती.

नव्या तीन लाईनचीही गत बरी नव्हती. प्रत्येकीवर प्लॅस्टिकच्या पट्टीवर "डॉट" एवढंच छापलेलं, कंपनीचं नाव नाही, तारीख नाही. पट्टी बोटाने सरकत होती. काम घेताना मला हाच "डॉट" शब्द (अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाची आद्याक्षरं) दाखवून "सरकारी मंजुरीचा माल आहे" असं सांगितलं होतं. हे दोन्ही अंगांनी खोटं आहे. अमेरिकेत ब्रेक होजसाठी एफएमव्हीएसएस १०६ नावाचं मानक आहे. आपला होज त्या मानकाला उतरतो, असं उत्पादक स्वतः जाहीर करतो तेव्हा ती खूण येते, सरकार आधी तपासून शिक्का देत नाही. आणि नुसती ती खूण पुरत नाही. उत्पादकाची ओळख, उत्पादनाची तारीख, आतला व्यास आणि कमी फुगणारा की साधा हे सांगणारी एचएल किंवा एचआर ही अक्षरं असायला हवीत. त्या मानकात होजला ४००० पीएसआय दाबाखाली २ मिनिटं फुटल्याशिवाय टिकावं लागतं आणि दाबाखाली सलग ३५ तास हिसके देत फिरवण्याची वेगळी चाचणी असते. चाक वरखाली होताना आणि हँडल वळताना होजला हेच सोसावं लागतं. माझ्या गाडीतल्या लाईन कोणी बनवल्या हेच कळत नव्हतं, तर त्यांची चाचणी कोणी केली हे कसं कळणार? जर्मनीत विकल्या जाणाऱ्या किटबरोबर बहुधा एबीई नावाचा मंजुरीचा कागद येतो आणि ते किट कोणत्या मॉडेलला चालतं हे त्यात लिहिलेलं असतं. चांगल्या कंपनीचं किट मागितलं असेल तर पाकीट आणि असे कागद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

काकांनी काढलेली एक लाईन मी कापून पाहिली. आत टेफ्लॉनची पांढरट, मेणचट, नखाने न दबणारी नळी असायला हवी होती. निघालं काळं मऊ रबर, नखाने सहज दबणारं. चुंबक लावून स्टील ओळखा असं अनेक जण सांगतात, पण त्यावर अवलंबून राहू नका. ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील एरवी चुंबकाला चिकटत नाही, तरी तार ओढताना त्यात थोडं चुंबकत्व येऊ शकतं. आणि जाळी खरी निघाली तरी आतल्या नळीबद्दल चुंबक काही सांगत नाही.

गळतीचं कारण साधं होतं. बँजोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर जुनेच परत लावले होते. हे वॉशर एकदा दाबले गेले की त्या आकारात बसतात आणि दुसऱ्यांदा नीट सील करत नाहीत. किंमत अगदी किरकोळ, पण बिलात तेही नवे म्हणून धरलेले. बिलात "एबीएस ब्लीडिंग, स्कॅनरने" अशीही ओळ होती, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडून युनिटमधलं जुनं ऑइल आणि हवा काढणं. काही गाड्यांच्या एबीएस युनिटच्या आतलं ऑइल पंप फिरवल्याशिवाय निघत नाही आणि त्यासाठी खरोखर स्कॅनर लागतो. काकांनी युनिट ब्लीड केलं तेव्हा आतून गडद तपकिरी जुनं ऑइल आलं. म्हणजे त्या ओळीचे पैसेही फुकट गेले होते.

पहिल्या गॅरेजमध्ये फोटो घेऊन गेलो. सुरुवातीला सांगितलं, "एबीएसला मधे रबरच लागतं, नाहीतर युनिट खराब होतं." हे वाक्य तुम्हालाही ऐकवतील. ते खोटं आहे. एबीएससह कारखान्यातूनच ब्रेडेड होजवर येणाऱ्या गाड्या आहेत आणि एबीएसच्या गाड्यांसाठी पूर्ण किटही बनतात. काही किटमध्ये टाकीखालची धातूची नळी तशीच ठेवतात, तो भाग वेगळा. पण ते किट विकतानाच सांगितलेलं असतं आणि पैसेही तेवढ्याच लाईनचे घेतात. मग त्यांनी बिल दाखवलं. "ब्रेक लाईन किट, १ सेट." सेटमध्ये किती लाईन, कोणत्या कंपनीच्या, पार्ट नंबर काय, काहीच नाही. या एका ओळीच्या आडोशाने ते बराच वेळ भांडले. काकांनी कोणत्या ठिकाणी काय निघालं ते सहीसह लिहून दिलं होतं. तो कागद आणि तारखेचा फोटो पुढे ठेवल्यावर पार्टचे पैसे परत मिळाले. मजुरी मिळाली नाही, रंगाचा खर्चही नाही.

मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ब्रेडेड लाईन नाही म्हणून गाडी कमी दर्जाची होत नाही. कंपनीचे नवे रबरी होज, नवे वॉशर आणि ताजं ऑइल यावर भरलेली टूरिंग गाडी उत्तम थांबते. विश्वासाचं किट मिळत नसेल तर बिनधास्त रबर घ्या. बिननावाच्या ब्रेडेड लाईनपेक्षा ते शंभर पटीने सुरक्षित आहे.

आणि ब्रेडेडच घ्यायचं असेल, तर गाडी उघडण्याआधी किट टेबलावर मांडायला सांगा, लाईन मोजा, प्रत्येकीवरच्या खुणेचा फोटो घ्या आणि बिलात कंपनी, पार्ट नंबर, लाईनची संख्या लिहून घ्या. जुने होज परत हवेत हे आधीच सांगा. टाकी चढवण्याआधी एबीएसजवळचा फोटो मागा. चांगला मेकॅनिक याचा राग धरत नाही. काकांनी तर मी न विचारता जुने होज पिशवीत घालून दिले. गाडी ताब्यात घेताना हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, लाईन ताणते का, कुठे घासते का, पिळली आहे का ते पाहा. उघडी जाळी रंगाला, प्लॅस्टिकला, अगदी वायरिंगलाही कापत जाते.

ज्यांनी एबीएसच्या गाडीवर हे काम आधीच करून घेतलं आहे आणि टाकी काढलेली स्वतः पाहिलेली नाही, त्यांनी पुढच्या लांबच्या प्रवासाआधी ती एकदा काढून बघा. युनिटच्या बोल्टवरचे ठिपके अखंड असतील किंवा होजवर गाडीच्याच वयाची तारीख असेल, तर काही खोलण्याआधी फोटो काढून ठेवा. बँजोजवळ ओल असेल किंवा लिव्हर हँडलपर्यंत जात असेल तर गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नका.