सोलापुरातला गर्भसंस्कार वर्ग: शिकवतात चांगलं, बोलावतात उशिरा

वर्ग शहराच्या मध्यवस्तीत भरतो. शनिवार-रविवार मिळून बारा तासिका, प्रवेश पाचवा महिना लागल्यावर. श्वसन, हलका व्यायाम, आहार, संगीत आणि ‘ताण आणि बाळ’ या विषयावर एक स्वतंत्र तासिका. नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण खाली सांगितलेल्या उणिवा एकट्या याच वर्गाच्या नाहीत.

श्वसनाची तासिका उत्तम आहे. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, मध्ये रोखायचा नाही, असं दहा मिनिटं. कपालभाती आणि भस्त्रिका पूर्ण वर्ज्य. घाईघाईने खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि चक्कर येते, हे बाई आधीच समजावून सांगतात आणि कुणाला तसं वाटलं तर लगेच नेहमीचा श्वास घ्यायला लावतात. उन्हाळ्यात वर्ग सकाळी आठला भरतो. सोलापूरचा एप्रिल-मे पाहता ही मोठी सोय आहे.

शवासन मात्र वीस मिनिटं सरळ पाठीवर करून घेतात. विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि घाम फुटून घाबरल्यासारखं होतं. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून केलं की काम भागतं. एवढा बदल उद्याच करता येईल.

खरी अडचण ताणाच्या तासिकेत आहे. पडद्यावर एक वाक्य येतं: आईने ताण घेतला तर मुलाचे शुक्राणू ३६ टक्क्यांनी घटतात. समोर सहाव्या-सातव्या महिन्यातल्या बायका बसलेल्या असतात. ज्यांच्या घरात गेल्या काही महिन्यांत काही वाईट घडलंय, त्यांचा चेहरा तिथंच उतरतो.

आकडा खरा आहे, पण अर्धाच सांगितलाय. तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रेन अभ्यासाचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. त्यात गरोदर बायकांकडून अठराव्या आणि चौतिसाव्या आठवड्यात प्रश्नावली भरून घेतली होती. पुढे त्यांच्या मुलांपैकी ६४३ जणांची विसाव्या वर्षी वीर्य आणि संप्रेरकांची तपासणी झाली. पहिल्या अठरा आठवड्यांत ज्यांच्या आईवर तीन किंवा अधिक ताणाचे प्रसंग आले होते, त्यांच्यात असे प्रसंग न आलेल्यांच्या तुलनेत शुक्राणूंची एकूण संख्या सरासरी ३६ टक्के, हालचाल १२ टक्के आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक ११ टक्के कमी आढळलं. अठरा ते चौतीस आठवड्यांतल्या प्रसंगांचा असा संबंध दिसला नाही. म्हणजे वर्गात बसलेल्या बहुतेक बायकांचा पहिल्या अठरा आठवड्यांचा काळ वर्गात येण्याआधीच सरलेला असतो.

शिवाय ‘प्रसंग’ म्हणजे काय, हे तासिकेत कुणी सांगत नाही. चिडचिड, रडू येणं, मनात वाईट विचार येणं यांची ती यादी नव्हती. जवळच्या माणसाचा मृत्यू, नवरा-बायकोत बेबनाव किंवा काडीमोड, तिची किंवा नवऱ्याची नोकरी जाणं, पैशाची चणचण, घर बदलावं लागणं, अशा गोष्टी होत्या. यंत्रमाग कारखान्यातलं नवऱ्याचं काम सुटलं, तर त्याचं खापर ‘तू ताण का घेतेस’ म्हणून बाईवर फोडणं हा उघड अन्याय आहे.

३६ टक्क्यांचा अर्थही समजून घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात एका वेळच्या वीर्यातल्या एकूण शुक्राणूंची खालची संदर्भमर्यादा ३.९ कोटी आहे. ज्याचे १५ कोटी असते त्याचे ३६ टक्के घटून ९.६ कोटी राहिले, तरी तो या रेषेच्या खूप वर आहे. ज्याचे ५.५ कोटी असते तो साडेतीन कोटींवर येऊन रेषेखाली जातो. सरासरीवरून एकाच मुलाचं भविष्य सांगता येत नाही. आणि हा नुसता संबंध आहे. ताणामुळेच हे घडलं, असं सिद्ध झालेलं नाही. पुढच्या आयुष्यातली तंबाखू, लठ्ठपणा, अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा हे सगळं वेगळं उरतंच. अभ्यास मुलग्यांचा होता, मुलींना हा आकडा लावू नये.

सुरुवातीचेच आठवडे का, याचं संभाव्य उत्तर शरीरात आहे. आठव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवायला लागतात आणि साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पुरुष प्रजननसंस्थेची घडण ठरत जाते. शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशी गर्भात आणि बालपणात वाढतात. पुढे किती शुक्राणू तयार होऊ शकतील, हे बरंचसं त्यांच्या संख्येवर असतं. आईच्या कॉर्टिसॉलला, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाला, वारेतलं एक विकर (एन्झाइम) निष्क्रिय करतं, पण सगळंच कॉर्टिसॉल अडत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तीव्र ताणाने हे विकर मंदावलेलं आणि नर पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन घटलेलं दिसलंय.

आता आपल्याकडची रीत पाहा. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. बातमी चौथ्यात फुटते, वर्गाची चौकशी पाचव्यात, डोहाळजेवण सातव्यात. ज्या आठवड्यांत बाईला आधार हवा, त्याच आठवड्यांत ती उलट्या लपवत स्वयंपाक करत असते, नाहीतर हजाराच्या हिशेबाने विड्या वळत असते. वळायला बसलं की तंबाखूची धूळ आणि तासन्‌तास एकाच बैठकीचा त्रास वेगळाच. या वर्गाने प्रवेश सहाव्या आठवड्यापासून खुला करावा. गावभर सांगायची गरज नाही, पण नवरा आणि सासू या दोघांना ठाऊक असायला हवं, आणि पहिली तासिका त्या दोघांसाठीच ठेवावी.

वर्गाला आणखी एक सुचवणं: पडद्यावरचं वाक्य काढून त्या जागी नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरो प्रश्नावली भरून घ्या. दहा प्रश्न, पाच-सात मिनिटं, गुण शून्य ते तीस. तेरा किंवा अधिक आले तर डॉक्टरांकडे पाठवा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर एकूण गुण न पाहता त्याच दिवशी पाठवा, सोबत घरचं माणूस देऊन.

फी द्यावी का? श्वसन, व्यायाम आणि बाळंतपणाची तयारी यांसाठी जरूर द्यावी. पोटाला हेडफोन लावायच्या तासिकेसाठी जादा पैसे मागितले तर देऊ नयेत. बाळाची ऐकण्याची क्षमता साधारण सहाव्या महिन्यापासून तयार होते, आणि गाणं आईने खोलीत ऐकलं तरी तेवढं पुरतं. मुलाच्या पुढच्या प्रजननक्षमतेच्या आशेने मात्र हा वर्ग लावू नका.

पाळी चुकून तपासणी होकारार्थी आली की बारा आठवड्यांच्या आत आशाताई किंवा परिचारिकेकडे नोंदणी करा. पहिल्या बाळासाठी मातृवंदना या सरकारी योजनेचे पाच हजार रुपये पात्र बायकांना हप्त्यांनी मिळतात. पहिला हप्ता नोंदणी आणि तपासणीवर असल्याने इथं उशीर नको. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी होते. तिथं रक्तदाब आणि हिमोग्लोबिनबरोबर झोप आणि घरची परिस्थिती यांबद्दलही डॉक्टरांशी बोला. त्यांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा.